मनगटावरचा अंगठा

माझ्या नवऱ्याच्या ज्या हातातून डॉक्टर थेट हृदयापर्यंत जाऊन आले होते, त्याच हाताने दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना नारळ फोडायला लावला.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं तरी माझी अक्कल वाचणाऱ्याला कळेल. पण मी एका वाक्यात गप्प बसणाऱ्यातली नाही. आणि त्या वेळची मी काही नवी नवरी नव्हते. पासष्टी ओलांडलेली, नातवंडं असलेली, सोसायटीतल्या पोरींना बाळाची उचकी कशी थांबवायची ते जिन्यात उभं राहून सांगणारी बाई होते. ती बाई आज समोर आली तर तिचा कान धरून मी तिला गच्चीवर उन्हात उभी करीन.

झालं होतं असं, की तळ्याभोवती सकाळची चक्कर मारताना ह्यांना छातीत जड वाटायला लागलं होतं. हे त्याला गॅस म्हणत होते आणि मी ओव्याचं पाणी पाजून त्या गॅसला पाठिंबा देत होते. शेवटी बंगळुरूहून मुलगा फोनवर इतका ओरडला, की आम्ही दोघं चिडून दवाखान्यात गेलो. तिथून दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात. अँजिओग्राफी करायची ठरली.

हृदय तपासायचं म्हणजे छातीशी काहीतरी करणार, अशी माझी समजूत. डॉक्टर म्हणाले, "उजव्या मनगटातून जाऊ." मी ह्यांच्या मनगटाकडे बघितलं, मग छातीकडे बघितलं.

"एवढ्या लांबून?" मी विचारलं.

"रस्ता आहे ना आजी आतून," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनाच असतो."

सगळ्यांनाच असतो! मी माझंच मनगट उलटं करून बघत बाहेर बाकावर बसले. तिथे जन्मभर बांगड्या घातल्या, पीठ मळताना त्या मागे सारल्या, पण इथून कुठे जाता येतं असं कधी मनात आलं नव्हतं. आत ह्यांच्या त्या रस्त्यातून तार चालली होती आणि बाहेर मी घरच्या गणपतीशी बोलणी करत होते. म्हटलं, हे धड बाहेर येऊ देत, ह्यांच्याच हाताने तुला नारळ वाढवीन. बघा, तिथेच माती खाल्ली. पेढे बोलले असते तर काही बिघडलं नसतं.

हे धड बाहेर आले. एका ठिकाणी थोडं अरुंद झालं होतं, पण गोळ्यांनी भागेल असं म्हणाले. डॉक्टरांनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. आधी काहीच नाही, नुसता करडा धूर. मग औषध सोडल्याबरोबर काळ्या रेघा फुटत गेल्या, रेघेला रेघ, तिला आणखी बारीक रेघा, आणि क्षणात सगळं पुसलं गेलं. ओहोटीला खाडीच्या चिखलातून पाणी जसं शेकडो वाटांनी निघून जातं, तसं. "पुन्हा दाखवा," मी म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली. आज वाटते ती लाज वाटल्याची.

वॉर्डात ह्यांच्या मनगटावर एक पारदर्शक पट्टा बांधला होता. लहान मुलाचं प्लास्टिकचं घड्याळ असावं तसा, फक्त त्यात काट्यांऐवजी हवेचा फुगा. तार काढली की तिथे धमनीला भोक उरतं, ते बुजेपर्यंत हा फुगा त्याच्यावर दाब धरून बसतो. वॉर्डातली सिस्टर थोड्या थोड्या वेळाने येई, सिरिंजने त्यातली जराशी हवा काढून घेई आणि मनगटाकडे टक लावून उभी राही. दूध उतू जाईल म्हणून आपण गॅसपाशी उभ्या राहतो ना, तशी. ती खाडीकाठच्या जासई गावाकडची. पेशंटांशी शुद्ध बोलायची खटपट करायची, पण दोन वाक्यांनंतर गाडी घरच्या बोलीवर परतायची.

"सरळ सगळी हवा काढून मोकळं का नाही करत?" मी विचारलं.

"मंग भळाभळा येल ना आजी. ही काय साधी शीर नाय. हिच्यात थेट काळजाचा जोर हाय."

"मग घट्ट आवळून ठेवा की रात्रभर."

"तसा पन नाय चालत." तिने ह्यांच्या अंगठ्याला लावलेल्या चिमट्याकडे आणि त्याच्या वायरीने पडद्यावर पळणाऱ्या लाटेकडे बोट दाखवलं. "ही लाट पळतेय तोवर बोटांना रगत जातंय. जास्त दाबला तर वाट कायमची बंद व्हायची. रगत बाहेर नाय आला पायजे नि पुढं मात्र गेला पायजे. दोनी पायजे."

निघताना तिने सूचना दिल्या. हा हात काही दिवस वापरायचा नाही, वजन नाही, झटका नाही, मनगट वाकवायचं नाही. आणि रक्त आलंच, तर अंगठ्याने दाबून धरायचं आणि सोडायचं नाही. मी मान डोलवत होते. माझ्या डोक्यात मात्र घरी ठेवलेल्या नारळाला शेंडी आहे की भाजीवाल्याने ती उपटली, हा विचार चालला होता.

शेंडी होती. सकाळी आंघोळी झाल्यावर मी पाटा ओट्याखालून बाहेर ओढला, धुतला, आणि नारळ ह्यांच्यापुढे धरला.

"आधी हे. मग चहा."

"आजच?" हे म्हणाले. "हात वापरू नका म्हणालेत ना."

"नारळ फोडायला असा कितीसा हात लागतो?"

"मग तू फोड."

आमच्या घरात बाईने नारळ फोडायचा नाही. का, ते सासूबाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाकी सासूबाईंचं एकही म्हणणं मी वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं. नेमकं हेच कसं ऐकलं, देव जाणे.

"बरं, मी डाव्या हाताने फोडतो," हे म्हणाले.

"देवाचा नारळ? डाव्या हाताने? मग पायानेच फोडा ना!"

एखादा माणूस इथे भांडला असता. ह्यांनी कचेरीत भल्याभल्यांच्या फायली परत पाठवल्या होत्या, पण घरात चहाच्या आधी वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम. त्यांनी नारळ उजव्या हातात घेतला आणि पाट्यावर आपटला. टक्क. काही झालं नाही.

"जोर लावा की! दसऱ्याला तर एका दणक्यात फोडता."

हे माझे शब्द. मीच बोलले.

दुसऱ्या दणक्याला नारळ फुटला. पाणी पाट्यावरून फरशीवर गेलं, आणि मी बघते तर पाणी गुलाबी! माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? नारळ नासका निघाला. मी चक्क वाकून करवंटीच्या आत बघितलं. खोबरं पांढरंशुभ्र होतं. मग भाजीवाल्याला मनात घातलेली शिवी परत घेतली आणि वर बघितलं.

मनगटावरची पट्टी लाल झाली होती आणि तिच्या कडेने रक्त येत होतं. भाजी चिरताना बोटातून येतं तसं ओघळून नव्हे. उडत होतं. थांबत होतं, पुन्हा उडत होतं, ठेक्यात. ह्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

आमच्यासारख्या बायकांचा हात अशा वेळी कुठे जाणार? मिसळणाच्या डब्याकडे. मी ती पट्टी ओढून काढली आणि वर मूठभर हळद थापली. पोरांचे गुडघे, भाच्याची हनुवटी, विळीवर कापलेली माझी स्वतःची बोटं, सगळं ह्याच हळदीने आजवर थांबलं होतं. ह्या वेळी आतून एक दणका आला आणि हळद वाहून गेली. पुन्हा थापली. आधी पिवळा ओघळ, मग नारिंगी, मग लालच लाल. तेव्हा मात्र मी ओरडले.

शेजारच्या भाभी धावत आल्या. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात, त्या इथे एकट्या. आमचा सुरक्षा दरवाजा सकाळी उघडाच असतो. त्यांचे हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाचे.

"या अल्ला! ताई, हळद काय थापताय? दाबा आधी! दाबा!"

मी दोन्ही हातांनी दाबलं. भाभींनी पिठाच्याच हाताने फ्रिजवर लावलेलं दवाखान्याचं कार्ड काढलं, वॉर्डाचा नंबर लावला आणि फोन माझ्या शेजारी जमिनीवर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडे कालचीच सिस्टर.

"काय केला आजी?"

"काही नाही गं, हात जरासा हलला."

भाभींनी फरशीवरच्या दोन करवंट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शेजारधर्माला जागून तोंड मिटून घेतलं.

"त्यांना आडवा झोपवा," सिस्टर म्हणाली. "हात वर उचलून धरा. एक अंगठा ठेवा, जिथं भोक हाय तिथं, नि जरासा वर, कोपराच्या बाजूला. दोन हात नको, फडका नको, हळद तर नकोच."

मी हळदीचं काही सांगितलेलं नव्हतं.

भाभींनी ह्यांना तिथेच फरशीवर आडवं केलं. मी मनगटावर अंगठा रोवला आणि बाकीची बोटं मागून आवळली. ओघळ थांबला. थांबला की काय, ते बघायला मी अंगठा उचलला. एक पिचकारी माझ्या चष्म्यावर आली.

"उचलला ना?" फोनमधून आवाज.

"नाही नाही."

"आजी, उचलला तुमी. आता आयका. थांबला का, ते डोळ्यांनी बघायचा नाय. अंगठ्याच्या बाजूनी काय येत नाय ना? म्हनजे थांबला. मी सांगत नाय तोवर अंगठा तिथंच. तुमाला खाज सुटली तरी. डॉक्टर हायत इथं, मी त्यांना सांगते. जरा धरला की मंग तसाच धरून गाडीतनं आना. नि बाजूनी यायला लागला तर लगेच मला सांगा, ॲम्ब्युलन्स पाठवते."

भाभी गाडीची किल्ली आणायला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी माझा चष्मा पुसून माझ्याच नाकावर घालून दिला. आता करायचं काही उरलं नव्हतं. नुसतं धरून बसायचं. आयुष्यात मी सगळं करत आले होते, नुसतं धरून कधी बसले नव्हते. ह्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा. जिभेखाली, छातीत, सगळीकडे मला एकच भीती वाजत होती, की हा माणूस माझ्या नवसापायी जाणार. म्हणून मी बोलत सुटले.

काय बोलले नाही ते विचारा. टाकीचं पाणी, वरच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा, सुकापूरच्या नव्या इमारतीत नणंदेने घेतलेला छोटा फ्लॅट आणि त्यात शिरणारी उन्हं. ह्यांच्या पांढऱ्या शर्टाचा डाग निघेल की नाही. निघाला नाही तर पुसायला फडकं होईल. डोळे उघडे ठेवा. मिटू नका. मिटले तरी चालतील, पण हूं म्हणा. हे हूं म्हणत होते.

आणि मग ते झालं.

इतका वेळ मला फक्त माझा अंगठा कळत होता. त्याला कळ लागली होती, मग मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. अंगठा माझा वाटेनासा झाल्यावर त्याच्याखालचं जाणवलं. ठोका. नाडी मी आधी कितीदा बघितली होती, तापाच्या वेळी, तीन बोटं टेकवून. ते लांबून दार वाजल्यासारखं. हे तसं नव्हतं. हे दारच माझ्या अंगठ्याखाली होतं आणि आतून कुणीतरी खांद्याने ढकलत होतं. बाजारात खाडीच्या चिखलातली जिवंत निवटी मासळी मुठीत धरली, तर ती अशीच अंगाने रेटते. पण निवटी सुटायला बघते आणि दमते. हे सुटायला बघत नव्हतं. ह्याला माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं. पुढे जायचं होतं, एवढंच. एक रेटा, मग विसावा, मग रेटा. आणि प्रत्येक विसाव्यात मला वाटे, आता पुढचा येणार नाही. तो येई.

मी हा माणूस पाठ आहे असं समजत होते. घोरण्यावरून त्यांची कूस सांगायची, पावलांवरून चपलेचा कुठला अंगठा तुटलाय ते. रुसले की किती वेळ रुसतील, तेही. आणि हे आत चाललेलं मला ठाऊक नव्हतं! आम्ही भांडून पाठी फिरवून झोपलो तेव्हाही हे चालू होतं. मी माहेरी जाऊन बसले तेव्हा, मूल तापाने फणफणलं तेव्हा, हे पेपर तोंडावर घेऊन दुपारी घोरत पडले तेव्हा. मी ह्यांना ओळखायच्या आधीपासून. लग्नात ह्यांचा हात माझ्या हातात दिला होता, नाही असं नाही. पण ती एकोणीस वर्षांची बावळट मुलगी त्या वेळी मांडवाच्या टोकाकडे बघत होती, कारण पहिल्या पंगतीत जिलेबी संपत आली आहे असं तिला दिसत होतं. तिच्या हातात हाच ठोका होता. तिने तो ऐकलाही नाही.

मग सिस्टरचं बोलणं आठवलं. दोन्ही पाहिजे. ह्यांच्या बोटांची टोकं मेणासारखी दिसत होती. मी अंगठ्याचा भार थोडा कमी केला. केसभर म्हणतात, तेवढा. बाजूने काही आलं नाही. पण अंगठ्याखालचा रेटा बदलला. आधी तो माझ्यावर येऊन आपटत होता, आता खालून सरकून पलीकडे जात होता. मला कळत होतं जाताना. टोकं हळूहळू गुलाबी झाली, आधी अनामिका, मग बाकीची. बाहेर थेंब नाही आणि पुढे वाट चालू. फुग्याच्या पट्ट्यात सिस्टर सिरिंजने जे करत होती ते माझा कढीपत्ता खुडणारा, बटाटे सोलणारा अंगठा करत होता, आणि कसं ते मला सांगता येणार नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. गणपती समोरच्या कोनाड्यात होता. त्याच्याकडे बघायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

ह्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

"आता आना," फोनमधून आवाज आला.

गाडीत मागे आम्ही दोघं, ह्यांचा हात वर आणि माझा अंगठा त्यावर. भाभी चालवत होत्या. उड्डाणपुलाखाली एक टेम्पो आडवा. भाभींनी काच खाली केली. "ओ मामू! अंदर पेशंट आहे! तुझा टेम्पो काय दर्ग्याला बांधलाय काय, हलव की!" एरवी त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. टेम्पो हलला.

दवाखान्यात सिस्टर दारातच उभी होती. तिने माझ्या अंगठ्याला लागून आपला ठेवला. "सोडा आता."

मी सोडला. म्हणजे सोडायचं ठरवलं. बोटं उघडेचनात. तिने एक एक करून ती उचलली, वाटाण्याची शेंग सोलावी तशी. खाली तिळाएवढा काळसर ठिपका होता, कोरडा. सुरकुत्यांतून हळद. सिस्टरने ठिपक्याच्या वर बोट ठेवलं, खाली ठेवलं, मग अंगठ्याला चिमटा लावला आणि पडद्याकडे बघितलं. मीही बघितलं. लाट आली. तिच्यामागून दुसरी.

"वाट शाबूत हाय," ती म्हणाली. मग नाकाने हुंगून, "पन खोबऱ्याचा वास कसा येतो?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. नारळ, डावा हात, जोर लावा. ती हसली नाही. नंतर डॉक्टर आले आणि मला जे बोलले ते इथे लिहीत नाही, कारण त्यातला शब्दन् शब्द योग्य होता. नवा पट्टा बांधला, हवा भरली, दिवसभर ठेवून घेतलं. मी खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसले. भाभींनी डबा पाठवला तो तसाच राहिला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. फरशी भाभींनी पुसून ठेवली होती. ह्यांचा हात उशीवर ठेवला, पाय पसरून दिले, आणि पलंगाच्या कडेवर टेकत जे दिवसभर तोंडाशी येत होतं ते विचारलं, की एवढं रक्त बघून घाबरलात का हो.

ह्यांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रक्ताला नाही घाबरलो. तू बडबडत होतीस तोवर मला काहीच वाटलं नाही. पण मध्येच एकदम गप्प झालीस ना, तेव्हा म्हटलं, संपलो मी."